पाचव्या दिवसाचं धुणं

पाणी आलं रात्री पावणेदोनला.
नळ आधी खोकला,
मग नुसती हवा,
मग करंगळीएवढी धार.
पाच दिवसांचं धुणं मोरीत ढीग लावून बसलेलं
आणि नेमका जानेवारी.
गड्ड्याच्या मैदानातले पाळणे थांबले
की वारा आमच्या गल्लीत शिरतो,
थेट बोटांच्या पेरांत.

शर्ट, साड्या, लेंगे मी एकटी उरकते.
चादर उरकत नाही.
आमच्या गावची चादर
अंगावर असते तेव्हा मांजर,
भिजली की म्हैस.
तिच्यावरचे मोर पाणी पिऊन बसतात
आणि उठायला तयार होत नाहीत.
पिळायला दोन माणसं लागतात.
हे रात्रपाळीला.
सिदू झोपलेला, आणि त्याचे हात
अजून पेन्सिलीच्या मापाचे.

समोर नरसव्वा.
मागच्या पाण्याला तिनं नळाला मोटर लावली,
माझी धार तुटली.
मी बोलायचं ते बोलले,
तीही बोलायचं ते बोलली, तेलुगूत.
तेव्हापासून एकमेकींच्या उंबऱ्याकडे बघणं बंद.

चादरीचं एक टोक पाइपाला बांधून
पिळत होते.
गाठ सुटली.
पुन्हा बांधली, पुन्हा सुटली.
तिसऱ्यांदा वाकले तर
टोक कुणीतरी उचललेलं.
‘पट्टुको,’ म्हणाली.
धर.
एवढं तेलुगू या गल्लीत राहून येतंच.

दोघी एकाच बाजूला वळल्या
तर थेंब निघत नाही, नुसती चादर फिरते.
उलट्याच वळाव्या लागतात.
पाणी तिच्या पायांवर पडलं, माझ्याही.
आणखी काही बोलणं झालं नाही.
तिच्या दाराची कडी वाजली.

ऊन आमच्या गल्लीत दहाला येतं,
दीडला जातं.
कोपऱ्यावर तीन मजले चढले तेव्हापासून हेच.
तेवढ्यात पाठ वाळते, बाह्या वाळतात,
खिसा राहतो,
पॅंटची कंबर राहते,
स्वेटरची काख तर संक्रांतीपासून ओलीच आहे.
फार अडलं तर सिदूचा शर्ट
हे पिशवीत घालून मागावर नेतात,
मोटरच्या उबेला पसरतात,
सकाळी आणतात खडखडीत,
पाठीवर निळ्या सुताची लव.
बाईंनी विचारलं तर सिदू सांगतो,
शर्टाला मिशा फुटल्या.

मी दिवसभर टॉवेलच्या कारखान्यात.
कडेची शिलाई, घडी, डझनाचा गठ्ठा.
इतके कोरडे टॉवेल
की हातातला ओलावासुद्धा पितात.
कुठल्या तरी परक्या न्हाणीघरात
ते पहिल्यांदा भिजतील.
घरचा टॉवेल दोरीवर, तीन दिवसांच्या वासाचा.
मशीन चालू असतं
आणि डोक्यात ऊन सरकत असतं:
आता पायरीपाशी,
आता खांबाला लागलं,
आता चादर उलटायला हवी,
कोण उलटणार.

साडेपाचला आले ती धावतच,
गारवा उतरायच्या आत काढू म्हणून.
सकाळी टाकून गेले होते
तेव्हा निळ्यावर पांढरे मोर होते.
आता पांढऱ्यावर निळे.
आणि दोरीच्या या टोकाची चादर
खांबापाशी गेलेली, उन्हाच्या मागे मागे.
वर एक लाल चिमटा.
माझ्याकडे सगळे लाकडी.
लाल चिमटे गल्लीत एकाच घरी आहेत.

काठ तेवढा ओला राहिला.
ओली बाजू पायाशी घेतली,
कोरडी सिदूच्या गळ्यापर्यंत ओढली.
चिमटा खिडकीच्या गजाला लावून ठेवलाय.
परत द्यायला जायचं तर
काहीतरी बोलावं लागेल.

पुढचं पाणी शुक्रवारी.
बहुतेक रात्रीच.